कटरे मॅडमचा स्पेनचा तास

बातमी आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये मुलांनी लिहिलेली पाठ टाचणं तपासत होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, कटरे मॅडम गेल्या. सकाळी, फुलचूरच्या घरीच." मी हातातलं टाचण पूर्ण वाचलं, सही केली... मग उठलो. त्याला आता महिना उलटून गेला आहे.

आमच्या गोंदियाच्या बी.एड. कॉलेजात मी मराठीची अध्यापन पद्धती शिकवतो, मॅडम इंग्रजीची शिकवत. स्पेनमधल्या एका कॉलेजाशी ओळख काढून त्यांनी दोन्हीकडच्या भावी इंग्रजी शिक्षकांच्या ऑनलाइन गप्पा सुरू केल्या, तेव्हा मला ते फॅड वाटलं. आमची मुलं घरी पोवारी नाहीतर गोंडी बोलणार, बाजारात हिंदी... त्यांना स्पेन कशाला? आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडकडची सुनीता उईके तर इंग्रजी सोडायलाच निघाली होती. "मॅडम, मले दुसरा विषय द्या. त्यांच्यासमोर बोलणं नाही जमत मले." मॅडम म्हणाल्या, "काऊन वं? तिकडच्या पोरींची तरी मायबोली हाये का इंग्रजी? त्या बी शिकूनच राहिल्या. एक तास बस, मग सोड."

त्या पहिल्याच तासाला घोळ झाला. पडद्यावर तिकडच्या प्राध्यापिका दिसताच आमचा अख्खा वर्ग सवयीनं उभा राहिला. कॅमेऱ्यात नुसती शर्टांची बटणं आणि ओढण्या. आपण 'बसा' म्हणायचं असतं, हे त्या बाईंना कुठून ठाऊक असणार! त्या बोलेनात, आणि इकडे कुणी बसेना. मी मुलांना खुणावू लागलो, तर मॅडमनी मला थांबवलं. "राहू द्या सर. त्यांनाच सांगू द्या." शेवटी सुनीतानं उभ्याउभ्याच, अडखळत, इंग्रजीत सांगितलं की शिक्षकांनी म्हटल्याशिवाय आम्ही बसत नाही. बाई हसल्या आणि त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. तिकडच्या एका मुलीनं विचारलं, उद्या तुझ्या वर्गातली मुलंही अशीच उभी राहतील का? सुनीता म्हणाली, "राहतील. पण मी लवकर बसवीन." तिथून जी चर्चा रंगली, ती तास संपला तरी संपेना. विषय बदलण्याची गोष्ट सुनीतानं पुन्हा काढली नाही.

मॅडम गेल्यावर पुढचा तास रद्द करायचं आम्ही ठरवलं. सुनीता स्टाफरूममध्ये आली. "सर, त्या पोरी वाट पाहून राहिल्या असतील."

"मी मेल पाठवतो."

"मेल कायले? मीच सांगीन."

मॅडम या तासाला कॅमेऱ्यासमोर सुरुवातीच्या नमस्कारापुरत्याच येत, बसत कधीच नसत. लॅपटॉपच्या मागे, मुलांना दिसतील पण स्पेनला दिसणार नाहीत, अशी त्यांची खुर्ची असे. मुलं अडली तरी तिथून त्या शब्द पुरवत नसत, नुसत्या ऐकत. त्या दिवशी तिथं मी बसलो. तिकडून विचारणा झाली, मॅडम कुठे आहेत? सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. मला वाक्य सुचत होतं, पण मी बोललो नाही. तिनं मान वळवली आणि त्यांना सांगितलं... अगदी सावकाश, न अडखळता. मला रडू आलं. त्या खुर्चीतलं स्पेनला काही दिसत नाही.