म्बाह कार्सिनेमचा होकार

जावा बेटावरच्या कुतोअर्जो गावात शाळेसमोर बू निंगचं, म्हणजे निंगबाईचं, झेरॉक्सचं दुकान आहे. जमिनीचे कागद, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सगळं तिथून निघतं. यंत्र तापलं की ते गार होईपर्यंत बू निंग पुस्तकं लिहिते. दहाबारा वर्षांच्या मुलांसाठी, जुन्या काळच्या गोष्टी. चार छापूनही आली आहेत. गावात तिला कुणी लेखिका म्हणत नाही, झेरॉक्सवालीच म्हणतात, आणि त्याचं तिला काही वाटत नाही. पण "गोष्ट छान रचलीय हं" असं कुणी म्हटलं की तिचा पारा चढतो.

"रचलेली नाही," ती म्हणते. "विचारून आणलेली आहे."

शाळेत मुलांसमोर बोलायला बोलावलं की एखादं पोर हटकून विचारतं, हे खरंच झालं होतं का? बू निंग छाती पुढे काढून सांगते, झालं होतं. या एका वाक्यावर तिची सगळी ऐट उभी आहे.

पाचवं पुस्तक महायुद्धात जपान्यांनी जावा बळकावलं त्या काळातलं होतं. त्यासाठी तिने म्बाह कार्सिनेमला धरलं. म्बाह म्हणजे आजी; वयामुळे सगळे तसंच म्हणतात, नात्याने ती बू निंगच्या आईची चुलतबहीण. पंच्याहत्तरी उलटलेली. रेल्वे फाटकापलीकडे एकटी राहते आणि मेलिंजोच्या बिया भाजून, दगडाने चेचून पापड्या करते. ती लहान असताना जपान्यांनी तिच्या बापाला मजुरीसाठी पकडून नेलं. तो परत आला नाही. एवढं सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. बाकीचं बू निंगने विचारून काढलं.

त्यातून जे प्रकरण उतरलं ते खरोखर सुरेख होतं. बापाला घेऊन जाणारी गाडी स्टेशनात उभी आहे, छोटी कार्सिनेम केळीच्या पानात कसाव्याचा उकडलेला कंद बांधून धावत येते, खिडकीतून बापाच्या हातात देते. बाप तिच्या डोक्यावर हात ठेवतो. नायिकेचं नावही बू निंगने कौतुकाने म्हातारीचंच ठेवलं होतं. जकार्ताचे संपादक पाक टिगोर, म्हणजे टिगोरसाहेब, हे प्रकरण वाचूनच पुस्तक छापायला तयार झाले. पाक टिगोर सुमात्रातल्या मेदानकडचे, बाटक जमातीचे. त्या लोकांच्या पोटात आणि ओठात काही अंतर नसतं.

छपाईच्या तोंडावर त्यांचा फोन आला.

"बू, दुसऱ्या प्रकरणात बापाचा सदरा निळा, स्टेशनवर पांढरा. गाडी पकडायला निघालेला माणूस कपडे बदलत होता का?"

"विचारून सांगते," बू निंग म्हणाली आणि दुकानाचं दार पुढे लोटून निघाली.

म्बाह पडवीत दगडापुढे बसली होती. तिने उकडलेल्या शेंगा आणि चहा पुढे सारला, आमच्याकडचा, साखरेने घट्ट झालेला.

"म्बाह, बाबांचा सदरा त्या दिवशी पांढरा होता ना?"

"हो ग."

"मागे निळा म्हणाला होतात."

"हो, निळा."

बू निंगने चहाचा पेला खाली ठेवला. "काळा तर नव्हता?"

"काळाच असेल. हो."

"म्बाह, तुम्ही स्टेशनवर गेला होतात ना?"

"हो."

"की नव्हता गेलात?"

"हो, नव्हते गेले. शेंगा घे की, गार होतील."

आता हे बू निंगला आधीच कळायला हवं होतं. दारी आलेल्या माणसाला, त्यातून शिकलेल्या माणसाला, तोंडावर नाही म्हणायचं आम्हा जावाच्या लोकांच्या जिवावर येतं. त्याच्या पुढचं ताट ओढून घेतल्यासारखं वाटतं. बू निंग स्वतः साऱ्या गल्लीला "हो, येते हं लग्नाला" म्हणते आणि निम्म्या लग्नांना फिरकत नाही. पण आपण विचारणाऱ्या झालो की हे कुणाच्या लक्षात राहतं? आठवून पाहिलं तर तिचा प्रत्येक प्रश्न असाच होता. चित्र आधीच डोक्यात रंगवून न्यायचं आणि म्हातारीपुढे धरायचं. म्हातारी बिचारी मान डोलावणार. स्टेशन, कसावा, डोक्यावरचा हात, सगळं बू निंगचंच होतं. रचलेलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने पाक टिगोरना खरं काय ते सांगून टाकलं. ते जोरात हसले.

"अहो, गोष्टच आहे ना ती? सदरा निळा करा आणि पाठवून द्या. तुम्हा जावावाल्यांना एक नाही म्हणता येत नाही, आणि उशीर झाला की आमचा मालक मला दिवसभर नाही नाही म्हणतो. पाठवता ना?"

"हो, पाठवते," बू निंग म्हणाली, आणि पाठवलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी दुकान मिटून ती म्बाहकडे जायला लागली. काही विचारायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. बोलक्या बाईला हे किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच माहीत. नुसतं बसवेना म्हणून तिने एक दगड मागून घेतला आणि बिया चेचायला लागली.

"ही पापडी आहे का म्हशीचं पाऊल?" म्बाह म्हणाली. "असला माल बाजारात नेला तर लोक मला हाकलतील. हलक्या हाताने कर."

बू निंग हलक्या हाताने करायला शिकली. दोघी गावातल्या सुनांबद्दल बोलायच्या, नाहीतर गप्प बसायच्या. पाक टिगोरचे फोन येत राहिले, ती "हो, हो" म्हणत राहिली.

एका दुपारी म्बाह मध्येच म्हणाली, "सदरा नव्हताच ग. सदरा कुठला त्या काळात. गोणपाट गुंडाळायचो आम्ही."

बू निंगने एक बी दगडावर ठेवली.

"त्या दिवशी सकाळी माझ्या वाटणीचा कसावा बाबाने धाकट्याला दिला. तो आजारी होता. पण मला राग आला. मी बाजेखाली जाऊन बसले. मग पाटलाची माणसं आली त्याला न्यायला." म्बाहचा हात चालूच होता. "बाबाने हाक मारली. कार्सिनेम, बाहेर ये. मी नाही गेले. त्याने परत हाक मारली. मला बाजेखालून त्याचे पाय दिसत होते. म्हटलं, अजून एकदा हाक मारू दे, मग जाते."

"मग?" बू निंगच्या तोंडून निघून गेलं.

"मग नाही मारली. माणसं घाई करत होती. आईला मी सांगितलं, झोप लागली होती."

बू निंगला रडू आलं. म्बाह रडली नाही. तिने चेचलेली पापडी उचलून सुपात टाकली आणि पुढची बी घेतली.

सूप भरत आलं तेव्हा बू निंगने विचारलं, "हे लिहू का म्बाह? पुस्तकात?"

"लिही की. हो."

बू निंग त्या 'हो'कडे बघत राहिली. असले किती तरी 'हो' तिने याच पडवीतून घरी नेले होते. हा खरा कशावरून? लिहिलं आणि म्हातारीला मनातून ते नको असलं, तर गावातलं पोरपोर वाचणार की ही बाप बोलावत असताना रुसून बसली होती. न लिहावं तर स्टेशनावरचं खोटं तसंच छापलं जाणार. शेवटी तिने आपल्या परीने वाट काढली.

"मी नाव बदलते. मुलीचं दुसरंच काहीतरी ठेवते. कुणाला कळणार नाही तुम्ही आहात ते. चालेल ना?"

म्बाहचा दगड थांबला.

"नको," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत हा शब्द बू निंगने तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"नाव तेच राहू दे. त्याच नावाने हाक मारत होता तो."