शनिवारी एक्क्याण्णव, सोमवारी अडतीस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे, तर आधी सांगून टाकतो की गोष्ट ऐकायला लहान आहे. लॅपटॉपच्या एका बॅटरीची. इतकंच? हो, इतकंच. एवढ्याशा गोष्टीचं ओझं कशाला वाहतो, असं मीही स्वतःला बरेचदा विचारलं. ते कमी झालं नाही.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. मी आणि सुधाकर वर्ध्याच्या एका लहानशा संस्थेत कामाला होतो. गावोगावच्या विहिरींची नोंद घ्यायची — खोली किती, उन्हाळ्यात पाणी किती राहतं — आणि ती तिथंच लॅपटॉपवर भरायची. संस्थेला कुठून तरी दोन जुने लॅपटॉप मिळाले होते, अगदी एकसारखे. एक त्याला, एक मला. दोन्हींवर लिनक्स सिस्टिम, कारण ती फुकट होती. भारनियमनाचे दिवस, सेलू काय, हिंगणघाट काय, खेड्यात दिवसभर लाईट नसायची. बॅटरी चालली तर काम, नाहीतर हात हलवत परत.

सुधाकर सेलूकडचा. घरची भाजीपाल्याची शेती. कॉम्प्युटर तो कुठल्या क्लासात शिकला नव्हता. मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून शिकला होता. त्यानं एक प्रोग्राम लिहिला. बॅटरी नवी होती तेव्हा तिच्यात किती मावायचं आणि आज पूर्ण भरल्यावर किती मावतं, हे दोन आकडे लॅपटॉपच्या आतून वाचायचे, आणि आज बॅटरी शंभरातली किती उरली ते रोज लिहून ठेवायचं. बॅटरी म्हातारी व्हायला लागली की महिनाभर आधी कळावं, हा त्यामागचा विचार. प्रोग्राम त्यानं सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो सगळ्यांना दिसेल असा पडलेला असे.

आणि नुसतं मोजून तो थांबत नसे. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं तुम्हाला माहीत आहे. तो गावावरून आला की लॅपटॉप ऑफिसातल्या माठाशेजारी, सावलीत विटांवर ठेवायचा. माठ भरणाऱ्या शीलाबाई म्हणायच्या, "माणसाले पाणी नाई पाजत अन् बॅटरीले माठापाशी निजवते! ताप आला का तिले, सुधाकरभाऊ?" तो हसायचा. "येऊ नाई म्हणूनच तं करून राह्यलो, बाई." त्याची बॅटरी एक्क्याण्णववर टिकून होती. माझी? मी माझा लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत उन्हात तापत ठेवायचो. अर्ध्या-पाऊण तासात तो बंद पडायचा. सुधाकरनं दोनदा म्हटलं, तुझ्या लॅपटॉपवरही प्रोग्राम टाकून देतो. मी टाळलं. माझा आकडा मला बघायचा नव्हता.

त्याच दिवसांत नागपूरच्या काही लिनक्सवाल्या मंडळींना त्याच्या प्रोग्रामची खबर लागली. एका रविवारी येऊन दाखव म्हणाले. त्यांच्यातल्या एकाची स्वतःची कंपनी होती; आवडलं तर काम देतो, असं तो फोनवर म्हणाला होता. सुधाकरनं नवा शर्ट शिवायला टाकला. मी त्याच्यासोबत कापड घ्यायला गेलो होतो.

आता सांगतो.

नागपूरच्या त्या रविवारला अजून आठवडा होता. माझी हिंगणघाटकडची चार गावं उरली होती. सोमवारी संस्थेच्या सरांना नोंदी द्यायच्या होत्या. शनिवारी दुपारी त्या दिवसाचं काम आटोपून सुधाकर जेवायला गेला, शीलाबाई बाहेर होत्या. माठाशेजारी त्याचा लॅपटॉप. मी तो उलटा केला, बॅटरी काढली, माझी त्यात बसवली. त्याची माझ्यात. दोन मिनिटंही लागली नाहीत. एका दिवसासाठीच घेतोय, असं मी मनाशी म्हटलं. रविवारी चारही गावं झाली. लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही.

सोमवारी लवकर जाऊन परत बदलणार होतो. तो माझ्याआधी आलेला होता. विटांसमोर उकिडवा बसून पडद्याकडे बघत होता.

"हे पाय, राजा. शनिवारी एक्क्याण्णव, आज अडतीस. अन् खरंच बंद पडून राह्यला. काऊन असं झालं असन बे?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या, चहा मागितला असता, संपलं असतं. नाही का? मी म्हणालो, "बॅटरी एका दिवसात नाई मरत. आधीपासूनच खराब असन. तुह्या प्रोग्रामनंच आजवर खोटं सांगतलं."

हे मी म्हणालो. शांतपणे, हेल्मेट टेबलावर ठेवता ठेवता.

त्यानं ते मानलं. दुसरं काही त्याच्या मनातच आलं नाही. आठवडाभर तो आपल्याच ओळी पुन्हा पुन्हा तपासत बसला. मी शेजारच्या टेबलावर असायचो, त्याची बॅटरी वापरत. परत बसवली असती तर आकडा पुन्हा वर चढला असता आणि मी पकडलो गेलो असतो. म्हणून बसवली नाही. पुढच्या शनिवारी त्यानं नागपूरला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. "जे खोटं सांगते ते लोकाईले कसं देऊ?" असं मी ऐकलं.

पण त्यानंतर त्यानं जे केलं ते मला जास्त आठवतं. त्याचा प्रोग्राम वर्ध्यात पाच जण वापरत होते — एक शाळामास्तर, सेवाग्रामकडचे एक डॉक्टर, आणखी तिघं. तो सायकलवर एकेकाकडे गेला. माझा प्रोग्राम चुकीचा आहे, काढून टाका म्हणाला, आणि प्रत्येकाची माफी मागितली. उन्हानं त्याचं तोंड काळवंडलं होतं. परत आल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनही त्यानं तो पुसला. "झालं," म्हणाला, आणि माठातलं पाणी प्यायला. दिवाळीच्या सुमारास विहिरींचं काम संपलं तसा तो सेलूला शेतीवर गेला. मी त्याच संस्थेत राहिलो, कॉम्प्युटरचा माणूस म्हणून.

तीनेक वर्षांनी सेलूच्या बाजारात तो दिसला. पुढ्यात वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. शेजारी बायको. मला बघून उठून उभा राहिला. "अवं, हे माहे वर्ध्याचे दोस्त. खरे कम्प्युटरवाले हे. म्या बी करून पाह्यलं, पण माहं गणितच चुके." ती हसली. म्हणाली, "अजून बी विचारतात ना हे, आकडा काऊन पडला म्हणून. झोपीत बी विचारतात." तो ओशाळला. सांभाराच्या दोन जुड्या त्यानं जबरदस्तीनं माझ्या पिशवीत टाकल्या. "घरी येजो एखाद्या दिवशी."

मी हो म्हणालो. गाडीला किक मारली. गेलो नाही कधी.

एक अजून राहिलं आहे. ते टाळायचं म्हणूनच बहुतेक इतका वेळ बाकीचं सांगत बसलो. प्रत्येक बॅटरीला आपला एक नंबर असतो, आणि लॅपटॉप तोही आतून सांगू शकतो. सुधाकरच्या प्रोग्रामनं तो नंबर वाचला असता, तर बॅटरी बदलल्याचं पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्यानं तो वाचला नव्हता. आपल्याच खोलीतलं कुणी बॅटरी बदलून नेईल, हे त्याला सुचलं नव्हतं.

हे मला कसं माहीत? त्या शनिवारी, बॅटरीला हात लावण्याआधी, मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्राम उघडला होता. पहिल्यांदाच. सगळ्यांना वाचायला ठेवलेला — मी वाचला, तो नंबर त्यात कुठं आहे का, एवढंच बघायला. शंभरेक ओळी होत्या. शेवटी त्यानं वाचणाऱ्यासाठी लिहून ठेवलं होतं: कोणाले चूक दिसली तं मले सांगजो.

मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. त्यात चूक नव्हती.