घरी नेली की उतरणारी बॅटरी

“बॅटरी चांगली, गाडी चांगली, मग चालू का होत न्हाई, ताई?” बाळासाहेबांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. निघोज्याहून भोसरीला, माझ्या वर्कशॉपवर, ते ही गाडी तिसऱ्यांदा टो करून घेऊन आले होते.

गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम मी बरीच वर्षं करते. माझा तपासणीचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरी. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा भाग. मग वायरिंग. शेवटी पॅरासिटिक ड्रेन. बंद गाडीतला एखादा भाग गुपचूप करंट खात राहिला, की त्याला आम्ही ड्रेन म्हणतो. अलार्मला, घड्याळाला थोडा करंट लागतोच. पण लॉक करून काही वेळ गेला की गाडीतले कॉम्प्युटर झोपतात आणि मीटरवरचा आकडा खाली येतो. माझ्याकडे या गाडीचा आकडा नीट खाली यायचा. कितीही उभी ठेवा, बटण दाबलं की चालू. निघोज्यात नेली की काही दिवसांत डेड.

“आता शेवटचं,” बाळासाहेब म्हणाले. “परत बंद पडली तर इकून टाकनार. आईला तसं सांगितलंय.”

गाडी त्यांच्या धाकट्या भावाची, सागरची. चाकणच्या एका कंपनीत तो सुपरवायझर होता. हौसेनं गाडी घेतली आणि दिवाळीनंतर डेंग्यूनं गेला. गाडी दारात राहावी, चालती राहावी, एवढाच आईचा हट्ट होता.

“गाडी घरी न्या,” मी म्हटलं. “मी तिथंच येऊन बघते.”

रविवारी गेले. घराच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, तिच्यात गाडी. दुसऱ्या बाजूला कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. त्यातला एक जण बाइक पुसता पुसता ओरडला, “भाऊ, आज धक्का मारायला सुट्टी ना?” बाळासाहेब हसले नाहीत.

ही गाडी बटणावर चालू होणारी. चावी खिशात असली तरी ती ओळखते. मालक जवळ आला असं समजून जागी होते. म्हणून बाळासाहेबांना चावी घेऊन रस्त्यापलीकडे उभं केलं आणि मीटर लावला. आकडा खाली आला. परत वर गेला. परत खाली, परत वर. मी एकेक फ्यूज काढत गेले. चावी ओळखणाऱ्या भागाचा फ्यूज काढला तेव्हा आकडा खाली येऊन थांबला.

“दुसरी चावी कुठंय?” मी हाक मारून विचारलं.

“एकच हाय.”

“नव्या गाडीला दोन मिळतात, बाळासाहेब.”

ते रस्ता ओलांडून जवळ आले. “ती सागरची. वापरातली न्हाई ती, ताई. आत हाय.”

आधी दोन मेकॅनिक इथं येऊन गेले होते. दोघांनाही चहा अंगणातच मिळाला होता. मला मात्र त्यांच्या आईंनी दारातून बोलावलं. “अगं बाई, उन्हात काय उभी? आत ये की.”

आत भिंतीवर सागरचा फोटो. खाली फळीवर त्याचं घड्याळ, कंपनीचं आयकार्ड आणि चावी. चावीला गंध लावलेलं. त्याच भिंतीच्या पलीकडे गाडीचं ड्रायव्हरकडचं दार.

मी विचारून चावी उचलली, फ्यूज परत बसवला आणि बाळासाहेबांना मीटरकडे बघायला सांगून दोन्ही चाव्या गल्लीच्या टोकापर्यंत नेल्या. थोड्या वेळानं ते ओरडले, “पडला आकडा! पडूनच राह्यलाय!”

परत आले तर त्यांच्या आई उंबऱ्यात उभ्या होत्या. “काय सापडलं?”

मी सांगितलं, “चावी भिंतीशी आहे, मावशी. गाडीला वाटतं मालक दाराशी उभा आहे. त्यामुळं ती झोपतच नाही.”

त्या फळीकडं बघत राहिल्या. “म्हंजी मीच बंद पाडत हुते व्हय?”

“तसं नाही, मावशी.”

“तसंच की.”

उपाय दोन होते. चावी लांबच्या खोलीत ठेवायची, नाहीतर तिच्यातला सेल काढून फळीवरच राहू द्यायची.

“सेल काढू, आई,” बाळासाहेब म्हणाले. “चावी तुझ्यासमोरच राहील.”

“आन मग गाडीला?”

“तिला चावी इथं आहे ते कळणार नाही,” मी म्हटलं.

त्यांनी चावी पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. “काढ.”

मी सेल काढला. त्यांनी चावी परत फळीवर ठेवली, सरळ केली आणि चहा टाकला. साखर घालायची राहिली. आम्ही दोघं तसाच प्यायलो.

बॅटरी पुन्हा उतरली नाही. उन्हाळा संपता संपता बाळासाहेब स्वतः गाडी चालवत वर्कशॉपवर आले. दोन्ही चाव्या टेबलावर ठेवल्या. “हिच्यात सेल घाला, ताई. गाडी इकली. घेणाऱ्याला दोन्ही चाव्या चालू पायजेत.”

“आता तर छान चालतीये. मग?”

“आईच म्हनली. आधी तिला वाटायचं, गाडी बिघडलीया. आता म्हनती, ती सागरची वाट बघत हुती. दारात बघवत न्हाई तिला.”

मी सेल घातला. चावीच्या बटणाच्या फटीत गंध सुकून बसलं होतं. ते ब्रशनं साफ केलं. बटण दाबलं तसे गाडीचे इंडिकेटर लागले. बाळासाहेब पाठ फिरवून उभे होते.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी ‘चाव्या किती’ असं विचारत नाही. ‘घरात चाव्या कुठं कुठं आहेत’ असं विचारते. आणि नवी बॅटरी टाकायच्या आधी गाडी उभी राहते ती जागा बघून येते.