दुसऱ्या शूलपाणीचे आबा

नौदलात कुठं होता असं विचारलं की आबा म्हणत, "शूलपाणीवर." आणि लगेच जोडत, "दुसऱ्या." एखाद्या राजघराण्याविषयी बोलावं तसं ते बोलत. पहिली शूलपाणी ही युद्धनौका परदेशात बांधलेली, जुनी विकत घेतलेली. तिच्या बॉयलरवर आबांचे वडील कामाला होते. दुसरी मुंबईच्या गोदीत बांधलेली. तिच्या भटारखान्यात आबांनी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. तिसरी अजून व्हायची होती.

"लढाऊ जहाज मोडीत निघतं, पोरी, नाव न्हाय निघत," ते मला सांगत. "नवीन जहाज आलं की त्याला देतात. आमचं नाव नुसतं थांबून हाय."

रेवदंड्याच्या एसटी स्टँडजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दरवर्षी पाऊस संपला की आबा बौद्धवाडीतून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत, स्टुलावर ताठ बसत आणि मुख्यालयाला पत्र सांगत: शूलपाणी हे नाव नव्या युद्धनौकेस द्यावे, ही विनंती. उत्तर यायचं, 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.' मला हसू यायचं. आबांना मात्र आनंद व्हायचा. "नोंद घेतली म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलं," म्हणत ते त्या उत्तराच्या दोन झेरॉक्स काढायला लावत.

एकदा मी बोलून गेले, "आबा, त्यांच्याकडे नावांना काय तोटा? हेच कशाला हवं?" ते उठून गेले. महिनाभर दुकानाकडे फिरकले नाहीत. मग एके सकाळी आले आणि उभ्यानंच म्हणाले, "माझा बाप त्या जहाजावर पहिल्यांदा सगळ्यांबरोबर एका भांड्यातलं जेवला. गावात त्याला वेगळी ताटली होती. हे तुला आधी सांगायला पायजे होतं." त्या दिवशी पत्र टाईप करताना माझ्या तीन चुका झाल्या.

आठव्या पत्राला उत्तर आलं नाही, निमंत्रण आलं. तिसरी शूलपाणी नौदलात दाखल होणार होती आणि जुन्या खलाशांना बोलावलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं टाळणारे आबा दुसऱ्याच दिवशी अलिबागला डॉक्टरांपुढे जाऊन बसले. "पंधरा दिवसांत दिसायला पायजे," म्हणाले.

सोबतीला मी गेले. मांडव्याहून मुंबईची लाँच सुटली. आबा म्हणाले, "तिथं मोठे साहेब लोक येतील. मी डाळ-भात करणारा. मला कोण विचारील?"

जहाजावर एका भिंतीला तिन्ही शूलपाणींचा इतिहास लावला होता. कप्तानांचे फोटो, मोहिमा, मानचिन्हं. आबांनी तो अगदी जवळ जाऊन, शेवटपर्यंत वाचला. शेजारी उभ्या असलेल्या तरुण महिला अधिकाऱ्यानं विचारलं, "आबा, यात काही राहिलंय का?"

"जेवण राहिलंय," आबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. एकदा वादळात दोन दिवस चूल पेटवता आली नव्हती. आबांनी कमरेला दोर बांधून स्वतःला खांबाला जखडलं, घरून आणलेला भाजका जवला, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, कुरमुरे, कांदा आणि लिंबू कालवून दीडशे माणसांना खायला घातलं. तेव्हापासून खवळलेला समुद्र ओलांडला की दुसऱ्या शूलपाणीवर पहिलं खाणं तेच व्हायचं. बोलता बोलता भोवती वीस-पंचवीस जण जमले. अधिकारी बाई वहीत लिहून घेत होत्या. जहाजाचा स्वयंपाकी, साताऱ्याकडचा तरणा गडी, पुढे आला आणि त्यानं नंबर मागितला. आबांकडे फोन नव्हता. त्यांनी माझ्या दुकानाचा दिला.

त्यानंतर दोन वर्षं जहाज कुठल्या बंदराला लागलं की माझा फोन वाजायचा. गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि आबा काउंटरवर कोपर टेकून ओरडतायत, "कुरमुरे शेवटाला, गाढवा. आधी टाकलेस तर लगदा होनार." फोन ठेवल्यावर दिवसभर खुशीत असत.

गेल्या थंडीत आबा झोपेतच गेले. चार दिवसांनी त्या स्वयंपाक्याचा फोन आला. "ताई, आबांना द्या. काल मोठा समुद्र लागला होता. केलं सगळ्यांसाठी, पण थोडं कडवट झालं." मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता चुकलं तर कुणाला विचारू?"

दोन वर्षं मी ते सगळं काउंटरमागून ऐकत आले होते.

"मला विचारा," मी म्हणाले. "जवला मंद आचेवर भाजला होता का?"