उभी खाच, आडवी खाच

लग्न झालं तेव्हा माझं एम.एस्सी. अर्धं राहिलं होतं आणि त्या अर्ध्यात नुसते कोळीच होते. निओस्कोना आणि अरेनियस ही गोल जाळी विणणाऱ्या कोळ्यांची दोन घराणी. बघणाऱ्याला वाटावं, सख्ख्या बहिणीच. माझ्या भरवशाची खूण एक. पाठीच्या पुढच्या भागावर बारीक खाच असते. निओस्कोनाच्या मादीची उभी, अरेनियसची आडवी. स्पिरिटमध्ये रंग उडतो म्हणून सरांना जिवंत निओस्कोना हवी होती. सोमवारी दाखवली नाही तर आणखी एक वर्ष, आणि ते सासरी मागायची माझी छाती नव्हती.

छावणीतल्या आमच्या घरी, अंगणातल्या जाईच्या वेलावर एक दिसली. खात्री करायची होती. सासूबाईंना बजावलं, "आत्याबाई, घटस्थापनेची झाडलोट करा, पण माझ्या कोळ्याला तेवढा हात लावू नका."

संध्याकाळी कॉलेजातून आले तर त्या दारातच उभ्या. देवघराच्या कोपऱ्यात भलं थोरलं जळमट लोंबत होतं.

"ह्ये बघ, नाय लावला हात. शेजारच्या बाया नाकं मुरडून गेल्या. म्हणलं, सुनेचा अभ्यास हाय."

हसावं की रडावं कळेना. ते जळमट भलत्याच कोळ्याचं होतं. माझी बया तिन्हीसांजेला जाळं विणायची, पहाटे गुंडाळायची आणि दिवसभर वाळक्या पानाच्या सुरळीत झोपायची. दिवसा वेलावर जाळं दिसेना, म्हणून सासूबाईंनी वाळकी पानं खुडून पाटी भरून ठेवली होती. माझ्यापायी त्यांनी बोलणी खाल्ली होती; रागवायला जागाच उरली नाही.

खरं सांगितलं तशा त्या मटकन ओट्यावर बसल्या. मग दोघी मिळून पाटीतलं एकेक पान उलगडायला लागलो. मुंग्या निघाल्या, एक झुरळ निघालं, कोळी काही निघेना. सोमवार माझ्या डोळ्यांपुढं नाचायला लागला.

दिवे लागायच्या सुमारास त्यांनी माझा हात दाबला. "हलू नगं."

पाटीच्या काठापासून ओट्याच्या खांबापर्यंत एक धागा ताणलेला होता आणि त्यावरून बाईसाहेब निवांत चालल्या होत्या. बाटलीत घेऊन भिंग लावलं. खाच उभी. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि ते मी बोलूनही गेले.

सासूबाईंनी डोळा बारीक करून पाहिलं. "व्हय, उभीच हाय की."

देवघरातलं जळमट काढायला मी झाडू उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि भिंग पुढं केलं.

"आधी हिचीबी खाच बघ," म्हणाल्या. "मग झाडू मार."