जठारपेठेतलं चढणारं घर

दार तिसऱ्यांदा रंधा मारून झालं आणि चौथ्या दिवशी पुन्हा अडकलं. गुलाबरावांनी खांदा लावला, मी लाथ मारली. दार जागचं हललं नाही.

"सायेब, घर घेऊन राहिलो का कुस्ती?" गुलाबराव म्हणाले.

गुलाबराव तेल्हाऱ्याकडचे माळी. अकोल्याच्या बाजारात भाजी-फुलांचा जम बसला म्हणून त्यांनी आमच्या ठेकेदारांकडून जठारपेठेतलं चार खोल्यांचं नवं घर घ्यायचं ठरवलं. खरेदीखत व्हायचं होतं, पण सामान ठेवायला किल्ली त्यांना आधीच दिली होती. भाड्याची खोली मृगाआधी सोडायची होती. घर बांधून घेणारा ओव्हरसियर मी. वय पंचवीस, अक्कल त्याहून कमी.

दारावरच्या भिंतीला एक तिरकी भेग पडली होती. मी भेगेवर चुन्यानं काचेची पट्टी चिकटवली. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. भेग मेलेली असली तर काच टिकते, जिवंत असली तर तडकते. तिसऱ्या दिवशी काच तडकली.

म्हणजे दाराजवळचा कोपरा खचतोय. मी पाणी भरलेली रबरी नळी आणली आणि चारही कोपऱ्यांची पातळी पाहिली. तो कोपरा बोटभर वर होता!

नळीत बुडबुडा असेल म्हणून पुन्हा पाहिलं. मग मिस्त्रीला पाहायला लावलं. मग दोघांनी नळीला शिव्या दिल्या. कोपरा वरच. खचणारी घरं मी पुस्तकात वाचली होती. चढणारं घर पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, काळजीपेक्षा मौजच जास्त वाटत होती.

वऱ्हाडातली काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून घराचा पाया तिच्याखालच्या मुरमावर टेकवायचा असतो. मुरूम फुगत नाही. पण तेव्हा वैशाख होता. थेंबभर पाऊस नाही. मग फुगणार काय?

घराला बाहेरून फेरी मारली. सगळं अंगण भेगाळलेलं, आणि नेमक्या त्या कोपऱ्याशी हिरवागार वाफा! गुलाबरावांच्या पत्नी मंजुळाबाई त्यात पाण्याची घागर रिकामी करत होत्या.

"हे काय?"

"सांभार हाय जी." कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. "काळी माती उगीच रिकामी काऊन ठेवाची?"

"रोज पाणी घालता?"

"दोन येळा. उन्ह पाहून राहिले ना?"

मी विजयी मुद्रेनं जाहीर केलं, "बाई, तुमच्या सांभारानं घर उचललं! पाणी बंद करा, दार आपोआप उघडेल."

मंजुळाबाईंनी घागर खाली ठेवली. "अवो बाप्पा! अन् मिरग लागल्यावर वरून पडन, थे कसं बंद करसान?"

 मागे उभं राहून ऐकणाऱ्या गुलाबरावांनी खरेदीखताचा कागद घडी घालून खिशात टाकला. "पाया दाखवा, मंगच सही."

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून ठेकेदारसाहेब आले. त्यांच्यासमोर कोपऱ्यालगत खड्डा खणला. पायाच्या दगडाखाली पिवळसर मुरूम दिसला आणि माझी छाती फुगली.

"पाहा साहेब, मुरूम."

मंजुळाबाई खड्ड्यात उतरल्या. दगडाखालचं एक ढेकूळ काढून त्यांनी पाण्याच्या तांब्यात टाकलं. आम्ही सगळे तांब्यात डोकावलो. पिवळा रंग धुऊन गेला. मग ढेकूळ बसलं, फुटलं, आणि खाली काळा गाळ उरला.

"सायेब, मुरूम इरघळते का?"

तेव्हा सगळं आठवलं. माघात पाया खणला तेव्हा तीन कोपरे मुरमाला लागले. चौथ्याचा खड्डा आठवडाभर उघडा राहिला आणि तळाची काळी माती वाळून दगड झाली. इतर खड्ड्यांतून काढून काठावर रचलेला मुरूम ओघळून तिच्यावर पसरला. मी वरूनच लोखंडी सब्बल आपटली, टण्ण वाजलं. म्हटलं, भरा.

"खाली कोण उतरलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब."

"तू का नाही उतरलास?"

"पाटलून पांढरी होती, साहेब. नवी."

साहेबांनी माझ्या पाटलुणीकडे पाहिलं आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

भिंतीला लाकडी टेकू दिले. मग हात-दोन हात जागा एका वेळी पोखरायची, मुरमापर्यंत जायचं, दगड-चुन्यानं भरायचं आणि पुढं सरकायचं. सगळं एकदम पोखरलं तर भिंत अंगावर येते. प्रत्येक खड्ड्यात आधी मी उतरायचं, असा साहेबांचा हुकूम होता.

काम झाल्यावर दाराला शेवटचा रंधा मारला आणि भेगेवर नवी काच लावली. मी म्हटलं, "आता वाफा मोडू या."

"कायले?" मंजुळाबाई म्हणाल्या. "पंधरा रोज पाणी देतो. काच राहिली त घर आमचं, नाई त तुमचं."

पंधरा दिवस मी रोज सकाळी काच पाहायला जात होतो. गुलाबराव मला पाहायला येत होते. काच टिकली. मृगाच्या दोन दिवस आधी खरेदीखत झालं. दार एका बोटानं उघडत होतं.

पुढं कुणी नवं घर घेण्याआधी ते पाहायला मला नेलं, की घरमालक रंग दाखवी, फरशी दाखवी. मी विचारायचो, विहीर कुठं आहे? मग एका कोपऱ्याला आठवडाभर पाणी पाजायला सांगायचो. पुष्कळ मालकांना ते आवडत नसे. ज्यांना आवडत नसे, त्यांची घरं घेऊ नका, एवढाच सल्ला मी फुकट देत असे.