नव्या रंगाचा वास

दार उघडलं आणि नाकात रंगाचा वास शिरला. हा वास येऊ नये म्हणूनच तर हिमायतनगरच्या या पाळणाघराने मला नेमलं होतं.

इमारतींसाठी टिकाऊ, कमी विषारी सामान निवडून देणं हे माझं काम. रंग सुकताना त्यातून जी रसायनं हवेत उडतात, त्यांना आम्ही व्हीओसी म्हणतो. नव्या रंगाचा उग्र वास बहुतेक त्यांचाच. पाळणाघराच्या मालकीण सुनीताताईंच्या मुलीला दमा आहे आणि ती दिवसभर इथेच असणार. म्हणून भिंती, दारं, सगळ्याला लो-व्हीओसी, पाण्यात मिसळायचा रंग ठरवला होता. उद्घाटन सोमवारी, आज गुरुवार.

सोबत आलेल्या सुनीताताईंनी मुलीला गेटाबाहेरच थांबवलं. ते मला फार लागलं.

डबे तपासले, बरोबर होते. भिंतीला नाक लावलं, काही नाही. दाराला लावलं आणि चोर सापडला. आमचे पेंटर युसूफभाई शेजारीच निवांत ब्रश पुसत होते.

“दरवाजों कू ऑइल पेंट मारे क्या, भाई?”

“एकीच हात मारा, मॅडम. बू नै आई तो मालिकां बोलते, नवा कलर मारेच नै.”

माझा राग तिथेच जिरला. या माणसाने आमचं नाव राखायला पदरचा डबा आणला होता. चूक माझी. कुठे काय वापरायचं याची यादी, म्हणजे स्पेसिफिकेशन, मी ठेकेदाराला मेल केली आणि हात झटकले. वास का नको, हे ब्रश धरणाऱ्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी गेटाजवळची मुलगी दाखवली, तिच्या दम्याचं सांगितलं. युसूफभाईंनी ब्रश खाली ठेवला.

“पैले बोलना था ना, मॅडम.”

त्यांनी स्वतः दारं उतरवली, गच्चीवर नेऊन घासली आणि शुक्रवारी ठरलेला पाण्यात मिसळायचा रंग दिला. दोन दिवस खोल्या उघड्या ठेवल्या.

सोमवारी एका पालकांनी आत येऊन हवा हुंगली आणि विचारलं, रंग जुनाच ठेवला का? मी तोंड उघडायच्या आत युसूफभाई म्हणाले, “नवाच है, साब. बच्चे सोते इधर, इस वास्ते बू नै रखे.”

दुपारी सुनीताताईंची मुलगी दम्याचा पंप न घेता झोपली. मला मनापासून बरं वाटलं. हल्ली मी आधी पेंटरबरोबर चहा घेते, मेल त्यानंतर.